मे महिन्यातल्या कार्यात बर्फ दीड दिवस टिकवायचा कसा: भुसा, थर्माकोल आणि पाण्याचा निचरा

आदल्या दिवशी तालुक्याहून लाद्या आणल्या, भुश्यात पुरल्या, वर पोती टाकली आणि दुसऱ्या दिवशी पंगतीच्या वेळेला बघितलं तर अर्ध्याच्या वर पाणी. अकोला-अमरावती-यवतमाळकडे हे इतक्या लग्नांत होतं की लोकांनी आता मान्यच करून टाकलंय, "उन्हाळाच तसा आहे" म्हणून सोडून देतात. ऊन आहेच, पण भुश्यात पुरलेला बर्फ एवढा जातो तो बहुतेक वेळा भुसा ओला झाला म्हणून. ओल्या भुश्याचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो, आणि तो ओला होतो बर्फाच्याच पाण्याने, कारण ते पाणी बाहेर काढायची सोय कुणी केलेली नसते. हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवती आहे.

थोडं गणित आधी, म्हणजे पुढचं का करायचं ते लक्षात राहील. एक किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, तेवढ्यात त्याच एक किलो पाण्याचं तापमान शून्यावरून ८० डिग्रीपर्यंत चढलं असतं. म्हणजे बर्फ स्वतः चांगला चिवट असतो, त्याच्यापर्यंत उष्णता हळू पोचेल एवढंच आपल्याला बघायचं. भुसा, थर्माकोल, घोंगडी यातलं काहीही गार किंवा गरम करत नाही, त्यात अडकलेली हवा उष्णतेला अडवते बस. म्हणून "घोंगडी गुंडाळली तर बर्फ गरम होईल" ही भीती मनातून काढून टाका. पण त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की खेळ संपला, कारण पाणी उष्णता हवेपेक्षा वीस पटीने जास्त वाहून नेतं.

१०० किलो बर्फाचा एक गठ्ठा धरू आणि बाहेर ४० डिग्रीच्या आसपास. उघडा ठेवला तर सावलीतसुद्धा दिवसभरात संपायला येतो. भोवती चार इंच कोरडा भुसा असेल तर हिशोबाने दिवसाला १३-१४ किलो जातो, भुश्याच्या बाहेर दोन इंची थर्माकोलची पेटी असेल तर ८ किलोच्या आसपास. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात फटी राहतात, झाकण उघडलं जातं, म्हणून दुप्पट धरून चाला. तरी अर्धा बर्फ जाण्याचं कारण नाही.

टप्पा १: आधी हिशोब, मग ऑर्डर

बर्फ अंदाजाने सांगू नका. २०० लिटर पाणी ३२ डिग्रीवरून १२ डिग्रीवर आणायला साधारण ४४ किलो बर्फ लागतो. तेच पाणी आदल्या रात्री उघड्यावर, मातीच्या रांजणात किंवा ओलं फडकं गुंडाळलेल्या पिंपात ठेवून सकाळी २६ डिग्रीवर मिळालं तर ३० किलोत काम होतं. म्हणजे काही खर्च न करता एका पिंपामागे १३-१४ किलो बर्फ वाचला. हे कुणी करत नाही, टँकरचं उन्हात तापलेलं पाणी थेट पिंपात ओततात आणि त्यात लादी सोडतात.

मठ्ठा, सरबत, पिण्याचं पाणी, आइस्क्रीमचे डबे, सगळ्याचं वेगवेगळं मांडा, बेरीज करा आणि साठवणीतली घट म्हणून वर २५-३० टक्के घ्या. चोवीस तासांच्या वर ठेवायचा असेल तर ४० टक्के.

ऑर्डर देतानाच फॅक्टरीत लादीचं वजन आणि लांबी-रुंदी विचारून घ्या. प्रत्येक फॅक्टरीचा साचा वेगळा असतो आणि पेटी लादीच्या मापाने बांधायची असते, उलट नाही.

सावधान: बर्फ खायचा आहे की नुसता थंड करायला, हे ऑर्डरच्या वेळी स्पष्ट बोला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे, निळसर लादी आली तर ती पेयात अजिबात टाकायची नाही. आणि भुश्यात ठेवलेला बर्फ रंग नसला तरी पेयात टाकू नये असंच माझं म्हणणं आहे, कितीही धुतला तरी. पेयाचं भांडं बर्फात ठेवा. ग्लासात टाकायला जो बर्फ लागेल तो खाण्याचा, पिशवीबंद, वेगळ्या पेटीत.

टप्पा २: जागा

तळमजल्याची, उत्तरेकडची, जाड भिंतीची खोली सगळ्यात बरी. मातीचं जुनं घर असेल तर त्याची आतली खोली उत्तम. स्लॅबच्या वरच्या मजल्यावरची खोली नको, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत असतो. टिनाच्या शेडखाली तर बिलकुल नको, आणि नेमकं तिथेच ठेवतात, कारण टेम्पो तिथपर्यंत जातो. आचाऱ्याच्या भट्टीपासून लांब ठेवायचं ते उष्णतेसाठी तर आहेच, पण कोरडा भुसा आणि थर्माकोल दोन्ही भराभर पेट घेतात. विडीकाडी ओढणाऱ्यांना पण त्या खोलीत फिरकू देऊ नका.

फरशीचा उतार कुठे आहे ते तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी ज्या कोपऱ्याकडे गेलं तिकडे निचऱ्याचा पाइप येणार.

टप्पा ३: सामान, आणि ते वाळवणं

१०० किलो बर्फासाठी साधारण हे लागतं: एक मीटर बाय अर्धा मीटरच्या दोन इंची थर्माकोल शीट दहा-बारा, लाकडाचा कोरडा भुसा (५० किलो धान्याच्या पोत्याच्या मापाने) पाच पोती आणि एक पोतं जास्तीचं, जाड प्लास्टिकचा कागद, सात-आठ रिकामी तागाची पोती, विटा किंवा लाकडी पॅलेट, एक प्लायचा तुकडा, लाकडी पट्ट्या, अर्धा इंची पाइप हातभर, बादली, चिकटपट्टी आणि सुतळी. शीट विकत घ्यायच्या नसतील तर फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगचं थर्माकोल दुकानदाराकडे पडलेलं असतं, तुकडे एकमेकांना घट्ट बसवले आणि सांधे पट्टीने बुजवले की तेही चालतं.

भुसा आरा मशीनवर मिळतो पण तो बहुतेकदा ओलसर असतो, कारण ओलं लाकूड चिरलेलं असतं. मूठभर घेऊन दाबा, हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओला आहे, सुटून पडला तर ठीक. भंडारा-गोंदियाकडे राईस मिलवर धानाचं तूस मिळतं, ते मिळालं तर मी भुश्याच्या आधी तेच घेईन, पाणी लवकर धरत नाही आणि कुजत पण नाही. गव्हाचं कुटार कोरडं असेपर्यंत चालतं पण ओलं झालं की लगेच बसतं.

आता जिथे लोक हमखास चुकतात ते. भुसा उन्हात पातळ पसरून वाळवायचा, दोन दिवस, पण उन्हातून उचलून सरळ बर्फावर घालायचा नाही! दुपारच्या उन्हातला भुसा हात लावला तर चटका बसावा एवढा तापलेला असतो आणि ती सगळी उष्णता पहिल्या दोन-तीन तासांत बर्फात जाते. वाळवून झाल्यावर एक पूर्ण रात्र सावलीत, हवेशीर जागी, पातळ पसरूनच ठेवायचा आणि पहाटे पोत्यात भरायचा. ढीग करून ठेवला तर मधला भुसा सकाळी पण गरमच सापडेल.

तपासा: पोत्याच्या मधोमध कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर तो भुसा अजून तयार नाही.

टप्पा ४: तळ

तळाची काळजी सगळ्यात कमी घेतली जाते. लादी सिमेंटच्या फरशीवर पोत्याचा एक थर टाकून ठेवली की खालून उष्णता चढत राहते, आणि बर्फ स्वतःच्याच पाण्यात बसतो ते वेगळं.

खालून वर असा क्रम लावा:

आधी विटा किंवा पॅलेट, म्हणजे फरशीशी संबंध तुटला. त्यावर थर्माकोलचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. त्यावर प्लाय, म्हणजे लादीचा कोपरा थर्माकोलमध्ये रुतत नाही. निचऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या विटांखाली एक फरशीचा तुकडा सरकवून सगळ्याला बोटभर उतार द्या. मग प्लास्टिकचा कागद, हा चांगला मोठा हवा, चारही बाजूंनी एवढा बाहेर राहिला पाहिजे की नंतर बर्फावरून वर घेता येईल. सखल कोपऱ्यात कागदाला भोक पाडून पाइप बसवा, भोवती चिकटपट्टीने पक्का करा. शेवटी कागदावर इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या, उताराच्या दिशेने. बर्फ या पट्ट्यांवर बसेल आणि पाणी खालून वाहून जाईल.

पाइपाचं बाहेरचं टोक बादलीत सोडा आणि बादलीत आधीच थोडं पाणी ठेवा, टोक त्या पाण्यात बुडालेलं राहिलं पाहिजे. नाहीतर बर्फाजवळची थंड हवा जड असल्यामुळे त्याच पाइपाने खाली निघून जाते आणि वरच्या फटींतून गरम हवा आत ओढली जाते. एवढीशी गोष्ट आहे पण रात्रभर तो पाइप उघडा राहिला तर फरक मोठा पडतो.

तपासा: बर्फ यायच्या आधी दोन तांबे पाणी आत ओता. सगळं बादलीत आलं पाहिजे. कुठे साचत असेल तर उतार आत्ताच दुरुस्त करा, नंतर १०० किलो उचलून कुणी करणार नाहीये.

टप्पा ५: भिंती

थर्माकोलच्या चार भिंती उभ्या करायच्या, बर्फाचा गठ्ठा आणि भिंत यांच्यात चारही बाजूंनी चार इंच जागा राहील एवढ्या अंतरावर. सांधे आतून आणि बाहेरून चिकटपट्टीने बंद. बाहेरून सुतळीने दोन ठिकाणी बांधा आणि टेकू म्हणून जुनी फळी, दार, खाट, जे असेल ते लावा, कारण भुसा भरला की भिंती बाहेर फुगतात.

चिकटवायचं असेल तर पांढरा फेविकॉल. रबर सोल्युशन, थिनर, पेट्रोल यातलं काही लागलं तर थर्माकोल विरघळून भोक पडतं.

बाजूला दार ठेवू नका. उघडायचं ते वरूनच. बाजूचं दार उघडलं की थंड हवा पायावर सांडून जाते, वरचं झाकण उघडलं तर बरीचशी आतच बसून राहते.

टप्पा ६: बर्फ आणणं

टेम्पो पहाटे लावा. दुपारी दोनला बर्फ उचलून तासभर रस्त्यावर आणला तर बराच बर्फ वाटेतच जातो. फॅक्टरीत लादी साच्यातून सुटावी म्हणून साचा पाण्यात बुडवतात, त्यामुळे बाहेर आलेली लादी वरून ओली असते. पाच मिनिटं निथळू द्या, कोरड्या पोत्याने पुसा, मग चढवा. फॅक्टरीवाला घाई करेल, करू द्या.

टेम्पोच्या पत्र्यावर आधी थर्माकोल किंवा भुश्याने भरलेली पोती अंथरा. लाद्या एकमेकींना चिकटवून मधोमध रचा, वर कोरडी पोती, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्री दोरीने करकचून आवळा. चालत्या गाडीत ताडपत्री फडफडत राहिली तर वारा आत खेळतो आणि उघड्या बर्फावरचा वारा हा उन्हाइतकाच वाईट. लाद्या तिथेच फोडून आणू नका. "चढवायला सोपं जातं" म्हणून चार तुकडे करतात, मग ते तुकडे टेम्पोत चार ठिकाणी पडलेले असतात, आणि एका गठ्ठ्याचे चार सुटे तुकडे केले की उष्णता घेणारा पृष्ठभाग दीडपटीच्या वर जातो.

टप्पा ७: रचणं

इथे वेग पाहिजे, म्हणून माणसं आधी ठरवून ठेवा. दोघं उचलणार, एक भुसा ओतणार, बाकीचे बाहेर.

लाद्या पट्ट्यांवर अशा लावा की मध्ये फट राहणार नाही, आणि शक्यतो गठ्ठा सगळीकडून सारखा, ठेंगणा चौकोनी होईल. आडवी लांबच लांब रांग नको. फटी राहिल्याच तर बर्फाच्या चुऱ्याने भरा, भुश्याने नाही. चुरा भरला की रात्रीतून सगळं मिळून एकच खडक होतो आणि तेच आपल्याला हवंय.

मग खालच्या प्लास्टिकच्या कडा वर घेऊन गठ्ठ्याला गुंडाळा, वर एकावर एक दुमडा. आता बर्फ आणि त्याचं पाणी प्लास्टिकच्या आत आहे, भुसा बाहेर आहे, आणि पाण्याला जायला एकच वाट आहे ती म्हणजे पाइप. जुन्या पद्धतीत भुसा थेट बर्फाला लावतात, त्यामुळे तासाभरात आतला इंचभर थर चिखल होतो आणि सकाळपर्यंत ओल बाहेरपर्यंत येते. प्लास्टिकने हे थांबतं.

आता चारही बाजूंनी भुसा ओता. ओतायचा, ठासायचा नाही! ठासला की त्यातली हवा गेली. काठीने हलकं खाली-वर करा म्हणजे पोकळी राहणार नाही, तेवढं पुरे. वर सहा ते आठ इंच भुसा, त्यावर कोरड्या पोत्यांचे दोन थर.

कोकणात किंवा समुद्राकाठी कुठेही करत असाल तर एक गोष्ट जास्तीची. तिथल्या हवेतली वाफ भुश्यातून आत जाऊन थंड प्लास्टिकवर पाणी होऊन बसते, म्हणजे भुसा बाहेरच्या हवेने ओला होतो. तिथे भुश्याच्या बाहेरून, म्हणजे थर्माकोलच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाने आणि झाकणावरून पण प्लास्टिक गुंडाळा. विदर्भात मेमध्ये हवा एवढी कोरडी असते की याची गरज पडत नाही.

टप्पा ८: झाकण

थर्माकोलच्या दोन शीट एकावर एक, सांधे वेगवेगळ्या ठिकाणी, आणि भिंतीच्या वरच्या कडेवर घट्ट बसणाऱ्या. कडेला फट दिसली तर तिथे पोत्याची गुंडाळी करून दाबा. वर एखादी फळी ठेवून दोन विटांचं वजन द्या.

तपासा: दोन तासांनी झाकणावर आणि भिंतींवर बाहेरून तळहात फिरवा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा गार लागली किंवा तिथे दव आलं तर आतून भुसा कमी पडलाय किंवा फट आहे. थंडी बाहेर जाणवते म्हणजे उष्णता आत जाते आहे. बाहेरून गार लागणारी पेटी बघून खूश होणारे लोक मी खूप बघितलेत, ते नेमकं उलटं लक्षण आहे.

बादलीतलं पाणी पण बघत राहा. पहिल्या दोन-तीन तासांत जरा जास्त येईल, नंतर थेंब-थेंब. रात्री एकदा बादली रिकामी करा, पण पाइपाचं टोक बुडेल एवढं पाणी ठेवून. अचानक पाणी यायचं थांबलं तर आनंद नको, पाइपात भुसा अडकलेला असण्याची शक्यता जास्त आहे, तारेने मोकळा करा.

ओलं पोतं: कुठे चालतं, कुठे नाही

यावर फार गोंधळ आहे. ओलं पोतं बर्फाला लावायचं नाही, भुश्यावर टाकायचं नाही. पण पेटीच्या बाहेर, थर्माकोलला न चिकटवता, चार बांबूंवर पडद्यासारखं ओलं तागाचं पोतं लटकवलं आणि खोलीत थोडी हवा खेळती असेल तर विदर्भ-मराठवाड्यात त्याचा खरंच फायदा होतो. हवा ४२ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाणी उडताना तापमान २४-२५ डिग्रीपर्यंत उतरू शकतं, म्हणजे पेटीला ४२ च्या ऐवजी तिशीच्या आसपासची हवा मिळाली तरी मोठी बचत आहे. रत्नागिरीला ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रतेत हेच केलं तर जेमतेम पाच डिग्री मिळतात आणि वर ओल वाढते, तिथे करू नका.

पाणी ठिबकून पेटीवर पडत असेल तर पडदा लांब सरकवा. कूलरचा झोत पेटीवर सोडायचा नाही, त्यातली दमट हवा फटींतून भुश्यात जाते.

टप्पा ९: बर्फ काढणं

एवढं सगळं नीट केलं आणि कार्याच्या सकाळी दर पंधरा मिनिटाला कुणीतरी येऊन झाकण उघडतंय, असं झालं तर सगळं वाया. एका माणसाकडे पेटीची जबाबदारी द्या, शक्यतो ज्याला कुणी "दादा जरा दे ना" म्हटलं तरी नाही म्हणता येतं असा.

सकाळी एकदाच पुढच्या तीन तासांचा बर्फ काढा आणि वेगळ्या छोट्या थर्माकोल पेटीत मांडवाजवळ ठेवा. दुपारी दुसऱ्यांदा. बस, दोनदाच. काढताना वरची पोती आणि भुसा एका बाजूला स्वच्छ कागदावर काढा, प्लास्टिक उघडा, वरची लादी टोच्याने सुटी करा, प्लास्टिक परत दुमडा, आणि लादी गेल्यामुळे जी पोकळी झाली ती जास्तीच्या पोत्यातल्या कोरड्या भुश्याने भरून काढा. पोकळी तशीच सोडली तर आतली हवा वर-खाली फिरत राहते आणि उरलेला बर्फ वरून झिजतो. काढलेल्या भुश्यातला ओला झालेला भाग परत आत टाकू नका, त्यासाठीच सहावं पोतं आहे.

फोडायचं ते वापराच्या वेळीच. फोडलेला चुरा बघता बघता जातो.

मीठ, पंखा, चकचकीत कागद

मीठ टाकल्याने बर्फ टिकतो हा समज पक्का चुकीचा आहे. मिठाने बर्फाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, वजनात चारातला एक भाग मीठ असेल तर उणे २१ पर्यंत, पण ते जातं बर्फ वितळवूनच. कुल्फी-आइस्क्रीमच्या पॉटला तेच पाहिजे असतं. साठवणीच्या बर्फाला मीठ लावलं तर तो लवकर जाईल.

उघड्या बर्फावर पंखा लावून खोली गार होते, बर्फ मात्र झपाट्याने संपतो. चकचकीत अॅल्युमिनियमचा कागद उन्हाची तिरीप परतवतो, म्हणून टेम्पोच्या ताडपत्रीवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या पेटीवर ठीक, पण बर्फालाच घट्ट गुंडाळला तर काही उपयोग नाही, धातू आहे तो.

छोटी पेटी: मासळी घेऊन रात्रभर प्रवास

मालवण-रत्नागिरीहून पुण्याला मासळी नेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथे बर्फ टिकवणं हे साधन आहे, मासळी शून्याजवळ ठेवणं हे काम, म्हणून बर्फ फोडावाच लागतो, माशाला तो सगळीकडून टेकला पाहिजे.

६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरची, एक इंची भिंतीची पेटी आणि बाहेर ३५ डिग्री असेल तर हिशोबाने दिवसाला १०-११ किलो बर्फ नुसता भिंतींतून येणाऱ्या उष्णतेला जातो, दोन इंची भिंत असेल तर ६ किलो. शिवाय १० किलो मासळी ३० डिग्रीवरून शून्यावर आणायलाच सव्वातीन किलो बर्फ लागतो. म्हणून मासळी घेतल्या घेतल्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून आधी गार करा, ते पाणी फेका, आणि मग पेटीत नवा बर्फ भरा. बाजारातून आणलेली गरम मासळी थेट पेटीत टाकली तर प्रवासासाठीचा बर्फ बंदरावरच खर्च होतो.

१. रिकामी पेटी आदल्या रात्री घरात सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. भरायच्या अर्धा तास आधी थोडा बर्फ आत टाकून झाकण लावा.

२. तळाला दोन इंच चुरा, मग मासळीचा थर, मग चुरा, असं करत जा. मासळी आणि बर्फ वजनाला सारखे धरा. सगळ्यात वर एक अखंड मोठा तुकडा ठेवा, त्याचं थंड पाणी हळूहळू खाली झिरपत सगळ्या थरांवरून जातं.

३. पेटीत रिकामी जागा ठेवू नका. कमी पडत असेल तर घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. फ्रीजरमधला बर्फ उणे १८ चा असतो, त्यामुळे शून्याच्या बर्फापेक्षा तो सुमारे दहावा हिस्सा जास्त उष्णता घेतो. बाटली काठोकाठ भरून गोठवू नका, फुटते.

४. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टीचे दोन वेढे, मग सगळी पेटी जुन्या चादरीत किंवा घोंगडीत गुंडाळा.

सावधान: मासळी पाण्यात पोहत राहिली तर मऊ पडते आणि चव जाते. खालच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडून त्याला बूच लावा आणि गाडी थांबेल तिथे पाणी सोडा, बसमध्ये मात्र पेटीखाली ट्रे पाहिजेच. कोल्ड्रिंकच्या पेटीत याच्या उलट, तिथे पाणी सोडायची घाई नको, शून्याचं पाणी बाटल्यांना सगळीकडून लागतं आणि सुट्या बर्फापेक्षा त्या लवकर गार होतात.

इंजिन मागे असलेल्या बसमध्ये मागच्या डिकीत पेटी देऊ नका, कंडक्टरला सांगून पुढच्या बाजूला ठेवायला लावा, आणि पत्र्यावर थेट न ठेवता खाली पुठ्ठ्याचे तीन-चार थर टाका. स्वतःची गाडी असेल तर डिकीपेक्षा मागच्या सीटजवळ, एसीच्या हवेत.

घरी पोचल्यावर पेटी उघडली की आधी तळाच्या थरात बोट घाला. तिथे अजून बर्फाचे खडे हाताला लागले तर मासळी वाटभर नीट राहिली. नुसतं पाणी असेल आणि ते गार असेल तर त्याच दिवशी साफ करून शिजवा, फ्रीजरमध्ये साठवायला ठेवू नका. पाणी कोमट झालं असेल तर ती मासळी खाऊ नका, विशेषतः बांगडा आणि कुपा, कारण हे मासे उबेत राहिले की त्यांत असं विष तयार होतं जे शिजवूनही जात नाही.